पहिल्या फळीतली लेक

मैदानाच्या कडेला एक पोर्टा केबिन आहे, तिलाच सगळे क्लबहाऊस म्हणतात. आत एक फ्रीज, दोन बाकं, ओल्या मोज्यांचा वास आणि भिंतीवर एक जुना फोटो. पंधरा तरुण, आडव्या पट्ट्यांचे जाड शर्ट, गुडघ्याखाली आवळलेल्या विजारी, हातांची घडी. मागच्या रांगेत टोकाला उभा आहे तो आमच्या कोचच्या पणजोबांचा भाऊ. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला रग्बीचा फॉरवर्ड. त्याचा एक कान तळलेल्या पापडासारखा गोळा झालेला आहे.

माझ्या लेकीला या माणसाची खेळातली सगळी कारकीर्द पाठ होती. इतर मुलींना नटांची असते तशी. गाडीत मागे बसून ती सांगायची, अर्थात इंग्रजीत. डॉक्टर व्हायला युनिव्हर्सिटीत गेला, पहिल्या वर्षी त्याला कुणी संघात घेतलं नाही, दुसऱ्या वर्षी घेतलं. मग समोरच्या युनिव्हर्सिटीला त्यानं चिखलात लोळवलं. मग थेट स्कॉटलंडच्या संघात. तिथं मानाची टोपी मिळाली, शेजारच्या देशांशी सामने खेळला.

"मग?" मी आरशातून विचारायचो.

"मग व्हॉट?"

"पुढं काय झालं त्याचं?"

"दॅट्स इट, बाबा. ही स्टॉप्ड."

"का?"

"हाऊ वुड आय नो?"

मला मात्र ते "का" सोडवत नसे. माझा धंदाच तसा आहे. अबुधाबीत एका बांधकाम कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. इमारत उभी राहताना सगळे वर बघतात, मी खाली काय पडेल ते बघतो. इचलकरंजीत माझे वडील मागावर काम करायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, सेफ्टीचा डिप्लोमा केला आणि इथं आलो. हे मी अभिमानानं सांगतो, आडून सांगत नाही. पण या नोकरीनं एक केलं. भीती माझ्या अंगात मुरली. घरी आलो तरी हेल्मेट उतरतं, भीती उतरत नाही.

आणि अशा माणसाच्या पोरीनं खेळ निवडला तो हा.

ती लहानपणापासून अंगानं भरलेली. शाळेत तिला काय काय म्हणायचे ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही, पण वाढदिवसांना जाणं तिनं हळूहळू बंद केलं. युनिव्हर्सिटीत गेल्यावर पहिल्याच महिन्यात या कोचनं तिला पाहिलं आणि म्हणाला, "तू होतीस कुठं इतके दिवस?" तिच्या वजनाकडे बघून आनंदलेला तो पहिला माणूस. तिला प्रॉप केलं. रग्बीत दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड वाकून, डोकी एकमेकांत अडकवून, रेड्यांसारखे रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. त्यातली पहिली फळी तिघींची, आणि फळीच्या दोन टोकांना दोन प्रॉप. आमच्या साइटवर ओल्या स्लॅबखाली जे लोखंडी टेकू लावतात त्यांनाही प्रॉपच म्हणतात. ते टेकू कसे सरकतात, कसे वाकतात आणि मग वरचं सगळं कुठं येतं, हे मी रोज सकाळी कामगारांना हिंदीत समजावून सांगतो. आणि संध्याकाळी मैदानाच्या दोरीपाशी उभा राहून माझ्या लेकीच्या मानेकडे बघतो.

हंगामाच्या सुरुवातीला कोचनं सगळ्या पालकांना जेवायला बोलावलं होतं. कोळशावर मांस, आमच्यासाठी पनीर. तेव्हा त्यानं त्या फोटोतल्या माणसाची गोष्ट सांगितली. एका सामन्यात म्हणे त्याचं डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आदळलं. त्या काळी बदली खेळाडू नसायचा. पडलेला उठला नाही तर संघ एकानं कमी. हा उठला. पुढचा सगळा वेळ खेळला, वर चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवलासुद्धा. आणि संध्याकाळी ट्राममध्ये शेजारच्याला विचारतो, "काय रे, आपला सामना किती वाजता आहे?"

सगळे खो खो हसले. बायकोही हसली. लेक तर टाळ्या वाजवत होती. तिनं ही गोष्ट आधी शंभरदा ऐकली असणार.

मी विचारलं, "त्यानंतर तो किती खेळला?"

कोचनं आठवायचा प्रयत्न केला. "त्यानंतर? मला वाटतं तोच शेवटचा."

"आणि डॉक्टर झाला?"

"नाही. बहिणीकडं राहायचा. कोंबड्या पाळायचा. फार शांत माणूस होता म्हणतात." आणि तो कोळसे सारखे करायला वळला.

येताना गाडीत बायको म्हणाली, "अहो, पार्टीला आलात ना? चौकशी समिती काय बसवता?" बायको पुण्याची आहे. तिचं म्हणणं नेहमी असं नेटकं असतं.

पुढं झालं ते असं.

कोचनं सांगितलं की भारताच्या मुलींच्या संघाचं शिबिर भरणार आहे, आणि परदेशात वाढलेल्या मुलींना बघायला निवड समितीची दोन माणसं इकडं येणार आहेत. पुढच्या शनिवारच्या सामन्याला. त्यांच्या यादीत माझी लेक होती. त्या दिवशी मी साइटवर सगळ्यांना इथला करक, म्हणजे कडक दुधाचा चहा पाजला. देशाचा शर्ट. आमच्या आळीतल्या कुणी पासपोर्टसुद्धा काढला नव्हता, आणि माझी पोर देशाचा शर्ट घालणार होती.

त्याच्या आधीच्या शनिवारी एक सामना होता. ऊन उतरल्यावर सुरू झालेला. आमचं मैदान खलिफा सिटीत, तिथून विमानतळ जवळ, विमानं डोक्यावरून चाकं काढूनच जातात. असंच एक विमान गेलं आणि त्याच आवाजात स्क्रम कोसळला. मला आवाज ऐकू आला नाही, फक्त दिसलं. सोळा पोरींचा ढिगारा खाली बसला, मग एकेक उठली. माझी सर्वांत शेवटी. उठली, दोन पावलं भलत्या दिशेला गेली, थांबली, वळली. रेफ्रीनं तिला काहीतरी विचारलं. कोच धावत गेला, त्यानंही विचारलं. कुठलं मैदान, कोण जिंकतंय, कुठला हाफ. तिनं पटापट उत्तरं दिली आणि अंगठा दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोरी धरून उभा होतो. हात सोडला तेव्हा तळव्यावर वळ होता.

सामना संपल्यावर ती आमच्याकडे चालत आली. बूट हातात. माझ्या समोर उभी राहिली आणि म्हणाली,

"बाबा, घरला कवा जायाचं?"

हे वाक्य माझ्या आईचं आहे. आम्ही दोघंही नोकरीला, म्हणून लेक लहान असताना आईला इथं आणलं होतं. लेक शाळेत जाईपर्यंत ती आईच्या कडेवर वाढली आणि आईचंच बोलली, अस्सल इचलकरंजीचं. मग शाळा सुरू झाली, आई गावी गेली, आणि दोनेक वर्षांत सगळं मराठी पुसलं गेलं. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा घरचा नियमच झाला. बायकोनं इथल्या मराठी मंडळाचे वर्ग लावले, गोष्टी वाचून दाखवल्या, रागावली, रडली. काही उपयोग नाही.

आणि आता ती म्हणत होती, घरला कवा जायाचं.

"अगं!" बायकोनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अहो, ऐकलंत का? मराठी! तेही तुमच्या आईंचं मराठी!"

"ऐकलं," मी म्हणालो.

गाडीत बायकोनं लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. मी चालवत होतो, कान मागे.

"आज्जे, काय करायलीस?"

"आगं माझे बाय! कोण बोलतंय हे? शेंगा फोडायलोय. तू काय करायलीस?"

"मी पडलो आज."

आमच्याकडं बायकाही "मी आलो, मी गेलो" म्हणतात. बायको हसून हसून दुमती झाली.

"कुठं पडलीस?"

"मातीत."

"पडू दे. मातीनं काय हुतंय. जेवलीस का?"

"न्हाई. आज्जे, शेरडू कुठाय?"

आई खळखळून हसली. "शेरडू! आगं ते कवाच गेलं की. तुझ्या बानं फोन केल्ता तवा रडली हुतीस की तू!"

लेक हसली नाही. शेरडू म्हणजे आईची गावाकडची शेळी, मरून कितीतरी वर्षं झाली. आई पलीकडून कुणाला तरी ओरडून सांगत होती, "आगं, नात बोलली माझी! आपलं बोलली!" मला आरशात लेकीचा चेहरा दिसत होता. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे पडले की ती डोळे गच्च मिटायची.

घरी आल्यावर ती न जेवता झोपली. मी स्वयंपाकघरात बायकोला म्हणालो, "मला हे बरं दिसत नाही."

"काय बरं दिसत नाही? मुलगी मराठी बोलली ते?"

"डोक्याला मार लागलाय तिच्या."

"कोचनं तपासलं. रेफ्रीनं तपासलं. अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती तुमच्या आईशी दहा मिनिटं बोलली. त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यातही तुम्हाला अपघातच दिसतो का? साइट घरी आणू नका हो."

मी तिचं ताट झाकून ठेवलं. काय सांगणार? पोरगी आपल्या आजीच्या भाषेत बोलली याची भीती वाटते असं कुठला मराठी बाप म्हणेल? तरी मी दोनतीनदा तिच्या खोलीत जाऊन ती श्वास घेते का ते बघून आलो.

सकाळी ती उठली ती इंग्रजीत. "व्हाय आर द कर्टन्स ओपन?" मला क्षणभर इतकं बरं वाटलं की मी हसलो. पडदे ओढले. चहा दिला. आणि सहज म्हणालो, "काल आज्जी खूश झाली हं."

"आज्जी? व्हाय, डिड शी कॉल?"

माझ्या हातातली बशी मी ओट्यावर ठेवली.

"तू बोललीस की तिच्याशी. गाडीत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग एकदम हसली, जरा जास्तच. "ओह, येस. ऑफ कोर्स. आय वॉज जस्ट टायर्ड."

"काय बोललीस?"

"युज्वल स्टफ."

हे हसणं मी ओळखतो. मचाणावरून घसरलेला कामगार असाच हसतो. "कुछ नहीं हुआ साब, एकदम फिट." कारण त्याला ठाऊक असतं, साहेबानं लिहून घेतलं तर उद्या काम नाही. इतकी वर्षं मी त्या हसण्याला फसलो नाही. आज ते हसणं माझ्या स्वयंपाकघरात माझ्या लेकीच्या तोंडावर होतं.

"डोकं दुखतंय का?"

"नो."

"उजेड सहन होतो का?"

"बाबा, डोंट." तिचा आवाज खाली आला. "प्लीज. सॅटरडे नंतर तुम्ही म्हणाल ते करते. डॉक्टर, स्कॅन, एनीथिंग. कोचला सांगू नका. नियम आहे, सांगितलं की मला बसवणार. माझा एकच चान्स आहे, बाबा."

हे बरंचसं तिनं मराठीत म्हटलं, मोडकंतोडकं, शोधून शोधून. आदल्या दिवशीचं आपोआप आलं होतं. हे माझं मन वळवायला आणलेलं होतं. दोन्हींतला फरक मला ऐकू येत होता.

बायकोला सांगितलं तेव्हा ती खुर्चीवर बसली. बराच वेळ ती टेबलावरचा डाग पुसत राहिली. मग म्हणाली, "शनिवारपर्यंत थांबलं तर?" आणि मी खरं सांगतो, मीसुद्धा तेच मनात धरून बसलो होतो. देशाचा शर्ट मी अंगावर घातल्यासारखा मिरवला होता. पण डोळे मिटले की तो कोसळता ढिगारा दिसायचा, आणि ती उठत नसायची. हादरलेल्या डोक्याला दुसरा हादरा बसला तर काय होऊ शकतं याचं प्रशिक्षण मी स्वतः देतो. पडद्यावर चित्रं दाखवतो. त्या चित्रांना आता चेहरा आला होता.

पुढच्या सरावाच्या आधी मी गेलो. कोच केबिनमध्ये चेंडूंत हवा भरत होता.

"कोच, तिला शनिवारी खेळवू नका."

त्यानं पंप थांबवला. "तिनं माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली."

"ते प्रश्न ती पाठ करूनच मैदानात जाते."

"मग तुम्हाला काय दिसलं?"

आता इथं माझी पंचाईत झाली. मी म्हणालो, "ती माझ्याशी माझ्या आईच्या भाषेत बोलली."

तो हसला. वाईट नाही, भला माणूस आहे. "आणि हे वाईट आहे?"

"आमच्या घरी आहे," मी म्हणालो. "गेली चौदा-पंधरा वर्षं ती तसं बोललेली नाही. गाडीतून आजीला फोनवर मेलेल्या शेळीबद्दल विचारलं तिनं. आणि दुसऱ्या दिवशी आपण बोललो हेच तिला माहीत नव्हतं."

तरी त्याच्या चेहऱ्यावर ते काय ते, आशियाई बाप फार काळजी करतात, असं होतं. तेव्हा मी भिंतीकडं बोट केलं. माझा आवाज चढला असणार.

"या तुमच्या माणसानं ट्राममध्ये विचारलं, सामना किती वाजता आहे. सगळे हसले. तुम्ही अजून हसता. त्या ट्राममध्ये त्याचा बाप असता तर?"

कोच फोटोकडं बघत राहिला. बाहेर पोरी जमू लागल्या होत्या, कुणीतरी घाई करत ओरडलं, "यल्ला, यल्ला!" मग तो म्हणाला, "माझी आजी सांगायची, तो कोंबड्यांना बहिणीच्या नावानं हाक मारायचा. ही गोष्ट आम्ही पार्टीत सांगत नाही."

त्यानं लेकीला आत बोलावलं. एकच प्रश्न विचारला. "शनिवारी गाडीत आजीशी काय बोललीस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तसं माझ्याकडं कुणी कधी पाहिलेलं नाही. मग खाली बघून म्हणाली, "आय डोंट नो."

"खलास," कोच म्हणाला, अगदी हळू. तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, तर ती बाजूला झाली.

डॉक्टरांनी मेंदूला हादरा बसल्याचं सांगितलं. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. विश्रांती, अंधारी खोली, फोन बंद. मी विचारलं, "पूर्ण बरी होईल ना?" डॉक्टर म्हणाले, "इन्शाल्ला. बहुतेक होतात." मी त्या "बहुतेक"वर अडकलो. घरी येईपर्यंत तोच शब्द डोक्यात घण घालत होता.

शनिवारी तिनं मैदानावर यायचा हट्ट धरला. काळा चष्मा, टोपी, आणि माझ्यापासून हातभर अंतर ठेवून उभी. कोचला सांगितल्यापासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. पलीकडच्या दोरीपाशी निवड समितीची दोन माणसं, गळ्यात ओळखपत्रं. तिच्या जागी दुसरी एक मुलगी पहिल्या फळीत उतरली. माझी लेक सामन्याकडं बघतच नव्हती, त्या दोन माणसांकडं बघत होती. ती माणसं काही लिहीत, मान हलवत. प्रत्येक स्क्रमला मी श्वास रोखत होतो. आता दुसऱ्या कुणाच्या लेकीसाठी. समोर एक बाई ओढणी दातात धरून उभी होती, ती त्या मुलीची आई असणार.

सामना संपला. त्या दुसऱ्या मुलीला त्या दोघांनी बोलावून घेतलं, हात मिळवला. लेकीनं ते शेवटपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडं वळली.

"आय विल नेव्हर फरगिव्ह यू फॉर धिस, बाबा. नेव्हर."

"बरं," मी म्हणालो. "उद्या लक्षात राहील?"

ती गाडीकडं चालू लागली. बायकोनं माझा दंड धरला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठून चहाचं आधण ठेवलं आणि तिच्या दाराचा आवाज ऐकत उभा राहिलो. पाणी उकळून उकळून आटलं. तिनं कालचं विसरावं, असं एखाद्या बापाला वाटलं असतं. मला उलटं वाटत होतं. राग असू दे, तिरस्कार असू दे, पण कालचा दिवस तिच्याजवळ असू दे. दार वाजलं. ती आली, माझ्याकडं न बघता फ्रीज उघडला.

"स्टिल नॉट फरगिव्हन," ती म्हणाली. "अँड देअर्स नो मिल्क."

मी पिशवी घेतली आणि दूध आणायला खाली गेलो. लिफ्टमध्ये कुणी नव्हतं, ते बरं झालं.